कोरडा आशीर्वाद

१ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, तेव्हा खोटं लिहिण्याचा प्रश्न येत नाही.

निमित्त आमच्या विरंगुळा केंद्रातले ग्वाक आजोबा. दोन्ही कानांनी ठार बहिरे. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानाने त्यांच्या गळ्यात दोन फोन मारले. आजोबा म्हणतात, पोरगा फार गोड बोलत होता. बहिऱ्यालाही जिथे गोड ऐकू येतं, तिथे प्रकरण साधं नाही.

मी बत्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त. अर्धं गाव अजून मला बघून विडी लपवतं. मला कुणी फसवू शकत नाही. म्हणून आज केंद्रात उभं राहून ‘ज्येष्ठ ग्राहक संरक्षण समिती’ स्थापन केल्याचं जाहीर केलं. अध्यक्ष: मेंग ग्यू-छोल, म्हणजे मीच. सदस्य कोण होणार असं विचारलं तेव्हा सगळे नेमके पत्त्यांत गुंगले. पांगबाई तेवढ्या म्हणाल्या, सर, पाय उचला, फडकं मारायचंय. अनुमोदन समजायला हरकत नाही.

पांगबाई, म्हणजे पांग दोक-सुन. बाजारात तीळतेलाचा घाणा आहे. विधवा. मी विधुर. पण तो मुद्दा इथे गैरलागू आहे.

२ सप्टेंबर, दुपारी
तपास सुरू. टाय काढून गेलो, म्हणजे साधा म्हातारा वाटावा.

दुकानात मो थे-सोंग नावाचा पोरगा. तिशीच्या आतला. मला बघताच “बाबा!” म्हणून ओरडला. मी म्हटलं, मी तुझा बाबा नाही. तर म्हणे, माझ्या बाबांचेही कान अगदी असेच आहेत. आणि मग या पठ्ठ्याने, भर दुकानात, गुडघे टेकून, कपाळ फरशीला लावून मला मोठा नमस्कार घातला. नववर्षाला घालतात तसा. माझा स्वतःचा मुलगा वर्षातून एकदा घालतो आणि त्यातही कंबर धरून उठतो.

आता असा नमस्कार घेतला की मोठ्या माणसाने हातावर काहीतरी ठेवायचंच. लहान पोरंसुद्धा त्याशिवाय उठत नाहीत. खिशात बसचं कार्ड आणि आल्याची एक गोळी. पोरगा फरशीवर कपाळ टेकून तसाच. बाहेर लोक बघतायत. आशीर्वाद कोरडा कसा द्यायचा? म्हणून सही दिली.

टॅबलेट घरी आणला आहे. टॅबलेट नव्हे, पुरावा. तीन वर्षांचा करार आहे, म्हणजे तपास घाईत उरकायचं कारण नाही.

४ सप्टेंबर
सोलहून मुलाचा फोन. बँकेचा मेसेज त्याच्याकडे जातो, हे मला माहीत नव्हतं. बाबा, कशावरही सही करू नका, म्हणाला. मी म्हटलं, तू अ-आ-इ-ई शिकलास ती कुणाकडून? तो म्हणाला, आईकडून. संभाषण तिथेच थांबवलं.

तरीही निःपक्षपातीपणे टॅबलेट परत करायला गेलो. ठरवून गेलो होतो: बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही, नमस्कार घालायला लागला तर आपण आधीच वळायचं. वळलो. तर पोरगा फिरून पुढे आला आणि तिथे घातला.

आता घरात इंटरनेट येणार आहे, टीव्हीचा डबा येणार आहे आणि मनगटावर एक घड्याळ आहे. ते सारखं विचारतं, तुम्ही पडलात का? मी पडलेलो नाही. पण “नाही”चं बटण सापडत नाही.

५ सप्टेंबर, बाजाराचा दिवस
एकट्याच्या साक्षीला कोर्टात किंमत नसते. साक्षीदार म्हणून पांगबाईंना सोबत नेलं. यायला तयार नव्हत्या. घाण्यावर तीळ भाजत टाकलेत म्हणाल्या. मी म्हटलं, पाच मिनिटं. मी आहे ना.

थे-सोंगने त्यांना “आई” म्हणून मोठा नमस्कार घातला. पांगबाईंना मूलबाळ नाही. त्यांनी वाकून त्याचा खांदा धरला. मग म्हणाल्या, ऊठ रे बाळा, फरशी गार आहे.

फोन, इंटरनेट, टीव्ही, सगळं एकात. मी अटी स्वतः तपासल्या. अक्षरं बारीक होती, पण ओळी सरळ होत्या. शेवटी पोराने विचारलं, घाण्यावरच्या जुन्या फोनचा नंबर तोच ठेवायचा का? तोच ठेवला तर वेळ लागेल, शिवाय भेट मिळणार नाही. पांगबाई विचारात पडल्या. अशा वेळी निर्णय घ्यायला पुरुष लागतो. मी म्हटलं, नव्या गोष्टीला नवा नंबर बरा. पोरगा म्हणाला, बाबा, तुमच्यासारखा समजूतदार माणूस या गावात नाही. हे अर्थात तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचं नाही, नुसतं नोंदवून ठेवतो.

भेट: टॉयलेट पेपरचे तीस रोल. पांगबाईंच्या घरापर्यंत मी वाहून नेले. वाटेत म्हणाल्या, सर, तुम्ही बरोबर होतात म्हणून सही केली हं. हे आठवून मला रात्रभर बरं वाटत राहील.

८ सप्टेंबर
माणूस येऊन तारा लावून गेला. माझ्याकडे दोनशे चॅनेल. एकावर अहोरात्र मासे धरतात. तपासाच्या दृष्टीने चार तास पाहिलं.

पांगबाईंच्या घाण्यावरही पांढरा नवा फोन बसला. त्यांनी मला तेलाची एक बाटली दिली. मी नको नको म्हणत घेतली. बाटलीवर लाल अक्षरांत नाव, घाण्याचं चित्र आणि फोन नंबर. नवऱ्याच्या वेळेपासून हेच लेबल. गाव सोडून सोलला, इंचनला गेलेली माणसंसुद्धा रिकामी बाटली समोर धरून नंबर फिरवतात आणि छुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला वाटायला डझनाने तेल मागवतात. पांगबाई म्हणतात, अकरा महिने मी पाणी पिते, या एका महिन्यात जेवते.

कसं छान बोलतात.

१० सप्टेंबर, बाजार
छुसॉक महिनाअखेरीस. पांगबाईंनी तीळ भरपूर आणून ठेवलेत, बाटल्या धुऊन उन्हात लावल्यात. फोन वाजत नाही. मी जाऊन दोन तास त्याच्याकडे बघत बसलो, तरी वाजला नाही.

म्हणाल्या, सर, गेल्या वर्षी या सुमाराला मला जेवायला फुरसत नव्हती. म्हातारी झाले मी. लोक विसरले.

मी म्हटलं, महागाई. जागतिक परिस्थिती. त्यांनी मान हलवली, पण डोळे फोनवरच होते.

११ सप्टेंबर
सकाळी सहज बाटलीवरचा नंबर फिरवून पाहिला. एक बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

तीनदा फिरवला. तिन्ही वेळा तीच बाई, तोच आवाज. ऐकवत नाही.

म्हणजे थे-सोंगने काहीतरी चूक केली आहे. (“नव्या गोष्टीला नवा नंबर” हे मी एक तत्त्व म्हणून मांडलं होतं. तत्त्व आणि अंमलबजावणी यांत फरक असतो.)

पांगबाईंना सांगायचं का? विचारांती ठरवलं, नाही. बाईमाणूस, उगाच घाबरतील. आधी नंबर परत आणतो, मग सांगतो. म्हणजे त्यांचं घाबरणं आणि आनंद, दोन्ही एकदम होईल. दोन दिवसांचं काम.

१२ सप्टेंबर
सकाळी नऊला कस्टमर केअरला फोन लावला. यंत्र म्हणालं एक दाबा. दाबला. मग तीन दाबा. मग तारा दाबा. मग व्हायोलिन. दुपारी जिवंत मुलगी आली. मी कडक आवाज लावला, आठवीच्या वर्गाला लावायचो तो.

मुलगी म्हणाली, जुना नंबर वीस तारखेपर्यंत राखून ठेवलाय, मग दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकतात. ज्यांचा नंबर त्यांनी स्वतः दुकानात जाऊन करार रद्द करायचा. आपण त्यांचे कोण?

कोण? काय सांगणार? मी म्हटलं, अध्यक्ष.

मुलीने फार आपुलकीने चौकशी केली. एकटेच राहता का बाबा, पाणी भरपूर पिता का? इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नळाचं पितो. ती कळवळलीच.

उद्या पाणी शुद्ध करायचं मशीन येतंय. सगळ्या सेवा एकत्र केल्यामुळे कराराच्या तीनची पाच वर्षं झाली. मुलगी म्हणाली, त्यात फायदा आहे. तेव्हा मी नव्वदीला जवळजवळ टेकलेला असेन. कंपनीचा माझ्या प्रकृतीवर विश्वास आहे.

१३ सप्टेंबर
आज शेवटचं. थेट दुकानात. ठराव: नमस्काराआधी बोलायचं.

दारातूनच बोललो: पांगबाईंचा नंबर परत दे! थे-सोंगचा चेहरा पडला. बाबा, म्हणाला, महिनाअखेरपर्यंत टार्गेट पुरं झालं नाही तर वरचा साहेब मला हाकलणार. तुम्हीच सांगा मी काय करू? आणि नमस्कार घातला. या खेपेला उठताना त्याचे डोळे ओले होते. खोटे असतील. पण ओले होते.

मी आता ‘बाल सुरक्षा प्लॅन’चाही ग्राहक आहे. माझ्याकडे बालक नाही. सशाचं चित्र असलेला फोन आहे. तो खिशात ठेवला तर मी कुठे आहे ते आईवडिलांना कळतं.

१५ सप्टेंबर, बाजार
वाईट दिवस.

पलीकडच्या खेड्यातून एक म्हातारा, काळा कोट घालून, पांगबाईंच्या घाण्यावर आला. हातात दुखवट्याचं, पैसे घातलेलं पाकीट. पांगबाई तीळ चाळत होत्या, मी शेजारी बसलो होतो. त्यांना बघून तो मटकन खालीच बसला. म्हणाला, अहो, तुम्ही जिवंत! नंबर लावला तर अस्तित्वात नाही म्हणाले. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, पांगबाई गेल्या. तेल आम्ही शहरातल्या मॉलमधून मागवलं.

पांगबाईंनी चाळणी खाली ठेवली. माझ्याकडे वळून विचारलं, सर, तुम्हाला माहीत होतं?

मी म्हटलं, प्रकरणाची हाताळणी सुरू आहे.

कधीपासून माहीत होतं?

मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्याकडची माणसं मनातलं बोलायला तीन दिवस लावतात, पण ओरडायचं असेल तेव्हा ओरडतात. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, सर, जा घरी. टीव्ही बघा.

१६ सप्टेंबर
घड्याळाने विचारलं, तुम्ही पडलात का?

१८ सप्टेंबर
केंद्रात गेलो नाही. डोकं दुखत होतं. तीळतेलाच्या भाताने डोकेदुखी जाते असं ऐकलंय, पण बाटली उघडायचा धीर झाला नाही.

मुलाचा फोन. पाणी, ससा आणि टीव्ही यांबद्दल त्याच्याकडे मेसेज गेलेत. सणाला येतो तेव्हा बोलू म्हणाला. समजावणीच्या सुरात म्हणाला. मी तो सूर ओळखतो. शाळेत कच्च्या मुलांच्या पालकांशी मी त्याच सुरात बोलायचो.

नवा ठराव: परवा शेवटची मुदत. सकाळी सात वाजता दुकानासमोर उपोषण. बॅनर लिहिला. ‘ज्येष्ठ’ची अक्षरं मोठी झाली, ‘समिती’ला जागा उरली नाही.

२० सप्टेंबर, बाजार
सकाळी सातला दुकान बंद असतं. दहाला उघडतं. दहापर्यंत भूक लागली म्हणून शेजारी नूडल्स खाल्ले. म्हणजे उपोषण खाल्ल्यानंतर सुरू करणार होतो.

तेवढ्यात पांगबाई आल्या. कमरेला तेलकट एप्रन, पायांत रबरी बूट. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ दुकानात शिरल्या आणि मधोमध, फरशीवर, मांडी घालून बसल्या. मी मागोमाग. सणाआधीचा शेवटून दुसरा बाजार, रस्त्यात मुंगीला जागा नाही. दार सताड उघडं.

थे-सोंगने “आई, या!” म्हणून सवयीने मोठा नमस्कार घातला. वाट बघत राहिला. पांगबाई आशीर्वाद देईनात. तो हळूच मान वर करून बघायला लागला.

पांगबाई म्हणाल्या, एक झाला. आता दुसरा घाल.

पोरगा म्हणाला, आई, काय हे, दुसरा कसा घालू? जिवंत माणसाला एकच.

आणि मेलेल्याला?

दोन, म्हणाला.

मग घाल की, पांगबाई म्हणाल्या. गिऱ्हाइकं दुखवट्याचं पाकीट घेऊन दारात येतायत. तू मला मारलंस, मी बोलले का काही? आता अर्धवट नको ठेवूस बाळा. घाल दुसरा, म्हणजे मी सुखाने जाते.

असं म्हणून डोळे मिटून ताठ बसल्या.

बाहेर गर्दी थांबली. आमच्या गावाला काही समजावून सांगावं लागत नाही. सुक्या मासळीवाल्याने एक अख्खा मासा आणून पांगबाईंच्या पुढ्यात ठेवला. डोकं बरोबर पूर्वेकडे. फळवालीने पेअर ठेवलं, वरचा भाग कापून, विधीला ठेवतात तसं. कुणी बोरं, कुणी चेस्टनट. दारूवाल्याने तांदळाच्या दारूची वाटी ठेवली, आणि पांगबाई डोळे मिटल्या मिटल्या म्हणाल्या, काठोकाठ भर रे, मेल्यावर तरी. उदबत्ती कुठून आली देव जाणे. मोबाइलच्या कव्हरांच्या स्टँडखाली साग्रसंगीत श्राद्धाचं पान मांडलं गेलं.

ग्वाक आजोबा काठी टेकत आले. ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांनी समोर दिसलं ते खरं धरलं आणि “आइगो, आइगो” करून असा गळा काढला की बटाटेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पांगबाई बसलेल्याच आहेत हे त्यांना कुणी दाखवेना.

थे-सोंग रडकुंडीला आला. आई, उठा हो! जिवंत बाईला दुसरा नमस्कार घातला तर माझी आजी मला घरात घेणार नाही! लोक म्हणाले, घाल घाल, आम्हाला पण धंद्याला जायचंय. पोराने फोन उचलला, वरच्या साहेबाला लावला, त्याने आणखी वरच्याला लावला. पलीकडून काय प्रॉब्लेम आहे असं विचारत असावेत, कारण थे-सोंग एवढंच म्हणत होता: साहेब, श्राद्ध चाललंय. नाही साहेब, दुकानात.

अर्ध्या तासात पांगबाईंचा करार रद्द. जुना नंबर चालू. मासळीवाल्याने स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. घाण्यावर रिंग वाजली आणि बाजारभर ऐकू गेली. पांगबाईंनी डोळे उघडले, दारू पिऊन टाकली, तोंड पुसलं. थे-सोंगच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, जेव जा काहीतरी, पांढरा पडलायस.

मी टाळ्या वाजवत होतो. समितीचा विजय म्हणून दोन शब्द बोलणार होतो. तेवढ्यात पांगबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, आता यांचं.

मी म्हटलं, माझं काय?

टॅबलेट, टीव्ही, पाणी, ससा, त्या म्हणाल्या. सगळं गाव मोजतंय सर.

थे-सोंगने विनातक्रार केअरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. मुलगी म्हणाली, रद्द करता येईल; पण करारातल्या अटी आपल्याला समजल्या नव्हत्या असं ग्राहकाने स्वतःच्या आवाजात सांगायचं. रेकॉर्ड होईल.

मी म्हटलं, तसं नाही. मी एका तपासाच्या संदर्भात, सर्व अटी वाचून, जाणीवपूर्वक...

मुलगी म्हणाली, मग रद्द होणार नाही सर.

उदबत्ती अजून जळत होती. माझे निदान तीस विद्यार्थी समोर उभे होते, काहींची नातवंडं खांद्यावर. पांगबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, सर, सांगून टाका. घाण्यावर फोन वाजतोय माझा.

सांगितलं. मला कळलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, आवाज स्पष्ट नाही, पुन्हा.

मला कळलं नव्हतं.

सॉरी, मागे कुणीतरी रडतंय, त्यामुळे रेकॉर्ड नीट झालं नाही. शेवटचं एकदा.

ग्वाक आजोबांना शेवटी कुणीतरी पांगबाई दाखवल्या. ते गप्प झाले. मी मोठ्याने म्हटलं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात: मला कळलं नव्हतं. मी एकटा असतो. पोरगा बाबा म्हणाला, म्हणून सही केली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर चाललं असतं.

मुलगी म्हणाली, थँक यू बाबा, सगळे करार रद्द झालेत. आजपासून आपलं नाव आमच्या विशेष काळजी घ्यायच्या ग्राहकांत राहील. आणखी काही सेवा हवी आहे का, बाबा?

मी तोंड उघडलं, तेवढ्यात पांगबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि ठेवून दिला.